वडूजमधला करडा कोट

१० एप्रिल
सृष्टी पलूसला माहेरी जाऊन अठरा दिवस झाले. कारण क्षुल्लक. तिचा भाऊ रविराज नात्यातल्या एका बारशाला नाइट पँट घालून आला. मी चारचौघांत विचारलं, कधी उठलास? खरं तेच बोललो. हिने त्याच दिवशी बॅग भरली.

जुने काळे-पांढरे सस्पेन्स पिक्चर पाहिले. तीन. सिद्धांत पक्का झाला. पुरुष कपड्यात असतो. हीरो करड्या कोटात. समोर प्रेत पडलं तरी बटण उघडत नाही. ज्याचा टाय सैल झाला तो पंधरा मिनिटांत मेला. स्वेटरवाला नवरा कायम बावळट.
आमच्या ऑफिसात एकाचाही शर्ट इन नाही. वडूजमध्ये पुरुष नाहीत, बर्मुडे आहेत.

संकल्प: थ्री-पीस शिवायचा. तो घालून पलूसला दारात उभं राहायचं. बोलायचं नाही. ती निमूट मागे येईल.

१५ एप्रिल
रसूलभाई टेलरकडे माप दिलं. पोटाला टेप दोनदा लावली. म्हणाले, लगीन कवा हाय? मी एक भुवई वर केली. हीरो खुलासे करत नाही. ते म्हणाले, मग लवकर द्याया लागंल.
इथे माणूस आयुष्यात एकदा सूट घालतो, स्वतःच्या लग्नात. पुढे तो ट्रंकेत कुजतो. सूटही आणि माणूसही.

१९ एप्रिल
शेजारच्या अंबूबाईंनी अडवलं. आवं लालासाहेब, पोरगी कुठली केली म्हनं? मी दुसरं लग्न करतोय, असं गावभर झालंय. अडाणी लोक.
विचार केला. बातमी पलूसला पोचेलच. सृष्टी जळेल. संशय हाच तर सस्पेन्सचा प्राण. खुलासा करायचा नाही.

२६ एप्रिल, दुपारी २
सूट मिळाला. एक्केचाळीस डिग्री. वेस्टकोटाचं खालचं बटण लागत नाही, हात रसूलभाईंचा बिघडलाय. उकाडा उकाडा करणारे पुरुष नव्हेत. घरी येऊन ओआरएसची दोन पाकिटं घेतली.
सृष्टीचा फोन नाही. म्हणजे पार कोलमडली असणार. पलूसला जायची गरज नाही, आपणहून येईल. रोज सूट घालून बसायचं ठरवलं.

२ मे, दुपारी १२
आली. स्वतः आली. टेम्पो घेऊन.
मी दारात उभा राहिलो. टाय घट्ट. एक शब्द नाही. ड्रायव्हर म्हणाला, नवरदेव, जरा बाजूला व्हा, कपाट काढायचंय.
सरकलो.
कपाट गेलं, मिक्सर गेला. मग मात्र राहवलं नाही. म्हणालो, सगळं खोटं आहे, कुणी पोरगी नाही, तुझ्यासाठीच शिवलाय.
ती म्हणाली, ठावं हाय. तुमाला कोन देतंय पोरगी?
मग तिनेच शांतपणे सगळं सांगितलं. तिची आई तानुबाई महिनाभर रोज मागे लागली होती, नांदायला जा, नांदायला जा. दुसऱ्या लग्नाचं ऐकलं आणि म्हातारी फिरली. म्हणाली, सवतीवर न्हाई पाठवायची माझी लेक. आता ही बेदाण्याच्या शेडवर कामाला जाते. झोप लागते म्हणाली.
माझ्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. कोट लय बरा शिवलाय म्हणाली. आणि एवढंच मागितलं, की दिवाळीपर्यंत तरी आईला खरं कळू देऊ नका.
मी बरं म्हणालो.
टेम्पो वळला आणि मला रडू आलं. बराच वेळ रडलो. रुमाल तिच्या कपाटात गेला होता.