पस्तीस आकडे

प्रिय घुम्या,

दोन वर्षांनी माझं अक्षर बघून कपाळाला आठ्या पडल्या असतील, पण पत्र फाडू नकोस. डिस्क खोटं बोलत होती! तुझा प्रोग्रॅम नव्हे, डिस्क.

काल दुपारी प्रयोगशाळेच्या मागच्या खोलीतून तेच जुनं मशीन बाहेर काढलं. वीज गेली तेव्हा चाळीस जणांचे रक्ताचे रिपोर्ट ज्याच्यातून नाहीसे झाले, तेच. शेजारी दुसरा कॉम्प्युटर मांडला. मशीननं फाइलमध्ये ओळीनं आकडे लिहायचे, डिस्क ‘लिहिलं’ म्हणाली की तो आकडा लगेच शेजाऱ्याला कळवायचा. मध्येच मी भिंतीतला प्लग उपटला. पुन्हा चालू करून बघते, तर शेजाऱ्याकडे आठ हजार चारशे बारापर्यंतचे आकडे आणि फाइल आठ हजार तीनशे सत्त्याहत्तरलाच संपलेली. पस्तीस आकडे गायब.

वाटलं, आपलंच काही चुकलं. वीस वेळा प्लग उपटला, एकोणीस वेळा तीच गत. म्हणजे ही बया आकडे आपल्या तात्पुरत्या स्मृतीत धरून ‘झालं’ म्हणायची आणि तबकडीवर मग सवडीनं उतरवायची. तिची ती सोय बंद केली, तर गोगलगायीसारखी चालली. पण पुन्हा वीसदा प्लग उपटूनही एक आकडा हरवला नाही. साहेबांनीही स्वतःच्या हातानं प्लग उपटून पाहिला. आजपासून सगळ्या मशीनची तपासणी सुरू झालीय.

रिपोर्ट गेल्यावर झालेल्या त्या बैठकीत तू एवढंच म्हणाला होतास, “लिहिलं असं डिस्कनंच सांगितलं, त्यापुढे मी काय करू?” सगळे हसले. मग रिपोर्ट गेला म्हणून शीर सापडत नसलेल्या त्या म्हातारीला रक्तासाठी पुन्हा सुई टोचली, तेव्हा तू तिच्याजवळ उभा राहिलास, आणि संध्याकाळी राजीनामा दिलास.

चौकशीच्या अहवालातले ‘प्रोग्रॅमरचा निष्काळजीपणा’ हे शब्द कुणाचे, ते तुला कुणी सांगितलं नाही. माझे होते. साहेबांना उत्तर लवकर हवं होतं आणि एकदाही तपासून न बघता मी सही ठोकली. नवा अहवाल सोबत जोडलाय, त्यात तू निर्दोष आणि चूक माझी, असं स्पष्ट लिहिलंय. आधी तुझ्या आईला दाखव. माफी मात्र मला कागदावर मागवत नाही. रविवारी सकाळच्या गाडीनं येतेय. दार उघडायचं की नाही, ते तू ठरव.

तुझीच,
बडबडी