पांढरी, म्हणजे सात्त्विक

बडनेरा, ३ सप्टेंबर १९६०
शेजारचे रेल्वे गार्ड फर्नांडिस बाटली घेऊन आले. भावानं गोव्याहून पाठवलेली पोर्तुगालची पांढरी वाइन. त्यांच्याकडे पिण्याचं डॉक्टरी परमिट आहे, माझ्याकडे तत्त्वं. नम्रपणे नाही म्हटलं. माणूस उदार. म्हणाले, "शेषराव, मन बदललं तं या."
बदलणार नाही. बायकोला, मैनाला शब्द दिलाय. शेवटच्या क्षणी बिचारी काही सांगू पाहत होती. मीच म्हणालो, काळजी करू नकोस, जन्मभर निर्व्यसनी राहीन. तिनं डोळे मिटले. समाधानानं.

५ सप्टेंबर, संध्या. ६
दोन ऑक्टोबरला दारूबंदीवर माझं भाषण आहे. माहिती नसलेल्या विषयावर बोलणं म्हणजे ढोंग. फर्नांडिसांकडे जाऊन फक्त वास घेणार.

७.३०
ओल्या फडक्यात गुंडाळून गार केलेली. आधी जिभेला आंबट चिमटा, मग मागून हिरव्या द्राक्षाचा गोडवा, आणि गिळल्यावरही कितीतरी वेळ तो जात नाही. फार सुंदर. ही दारू नव्हेच. पांढरी आहे, म्हणजे सात्त्विक. पावणेदोन ग्लास.

६ सप्टेंबर
दिवेलागणीला परसदाराची कडी वाजली. उघडून पाहिलं, कोणी नाही. वारा.

८ सप्टेंबर
आज वारा नव्हता. कडी वाजली. बांगड्याही. आणि माक्याच्या तेलाचा वास! मैनाच. शब्द मोडला म्हणून रागावलीय.
घाबरलो असं नाही. फर्नांडिसांकडे जाऊन बसलो इतकंच. धीरासाठी एक ग्लास.

११ सप्टेंबर
संकल्प: वाइन कायमची बंद. मैनाला मोठ्यानं सांगितलं. कडी तरी वाजलीच. छातीत धडधड. एकदम सोडणं प्रकृतीला बरं नसावं. अर्धाच ग्लास घेतला.

१४ सप्टेंबर, अविधवा नवमी
नवऱ्याआधी गेलेल्या बायकांचं श्राद्ध आज. मैनाचं पान परसात ठेवलं. कावळा कुंपणावर बसून नुसता बघतोय. शिवेना. म्हणजे तिची काही इच्छा राहिली. हात जोडून म्हणालो, थेंब घेणार नाही. ढिम्म. तुझ्या नावानं काशी करीन. ढिम्म. पाटल्या लेकीला देईन. त्यानं मान फिरवली. शालिकराम भटजींना पुढचं घर गाठायची घाई. घामाघूम झालो.
रोझीबाई फर्नांडिस पलीकडून पाहत होत्या. आत गेल्या, वाटीत वाइन आणून पानाशेजारी ठेवली. मी ओरडणार, तोच कावळा खाली!
भटजींनी नजर वळवली.
बाई इथं वीस वर्षं राहून वऱ्हाडी झाल्यात. म्हणाल्या, "तुमी सभेले गेले का मैनाबाई मागच्या दारानं आमच्याकडं येत. अर्धा ग्लास घेत. आन् तुमच्या भाषनाची नक्कल करत. आमी हासून हासून लोळत जाऊ."
मी विचारलं, मला का नाही सांगितलं?
"तुमाले?" म्हणाल्या, आणि वाटी उचलून गेल्या.

१५ सप्टेंबर
कडी वाजली नाही. दिवे लागेपर्यंत दाराशी बसून होतो. तिची फार आठवण आली.
रोझीबाईंना नक्कल करून दाखवायला लावली. नको नको म्हणत केली. हुबेहूब मी.
मैनानं बोलावलं असतं तर मीही हसलो असतो, असं इथं लिहिलं होतं. खोडलं.