साबणवाले गुरुजी

अकोला, रंगपंचमी, २००६

श्री. शेषरावजी यांसी, मोरोपंताचा नमस्कार (रिवाज आहे म्हणून, मनापासून नाही). इकडे तुमची बहीण विमल खुशाल आहे. माझे गुडघे दुखतात आणि डोकं पंधरा दिवसांपासून तापलेलं आहे. तुमचा रक्तदाब कसा आहे? पत्र संपेपर्यंत तो वाढावा, अशी इच्छा आहे. फोन तुम्ही उचलत नाही, म्हणून टपालाचा खर्च करतो आहे.

गेल्या भाऊबीजेला तुम्ही वरूडहून आलात, बहिणीकडून ओवाळून घेतलंत आणि ओवाळणीच्या ताटात साडीऐवजी त्या साबणवाल्या साखळी कंपनीचा फॉर्म टाकलात. वर मला म्हणालात, "भाऊजी, ईकाचं काईच नाई. सभासद व्हा अन् घरापुरतं घ्या, सूट भेटते." मी फसलो. दोन वर्षांपासून कपाशीनं सगळ्यांची कंबर मोडली आहे. यजमान लेकींची लग्नं सामूहिक विवाहात उरकतात, तिथे एकच गुरुजी माइक धरून पन्नास जोडप्यांच्या मंगलाष्टका म्हणतो (आणि तो गुरुजी मी नसतो). अशा दिवसांत साबण, टूथपेस्ट आणि गुडघ्याचं तेल स्वस्तात मिळत असेल तर कोण सोडेल? मी सवलतीसाठी सभासद झालो. विकण्यासाठी नाही. आजवर एकाही माणसाला मी 'घ्या' म्हटलेलं नाही. हे वाक्य दोनदा वाचा.

घात केला त्या पिशवीनं. सभासद झाल्यावर कंपनीनं एक निळी पिशवी दिली. चेन मजबूत, आत चार कप्पे, वर कंपनीचं नाव हे एवढं मोठं. माझी जुनी कापडी पिशवी विरली होती. चांगली वस्तू वाया घालवणं आपल्या घराण्यात नाही, म्हणून मी पोथी, शंख, पळी-पंचपात्र सगळं तिच्यात भरलं आणि गावभर हिंडलो. गुरुजी पिशवी घेऊन दारात आले की लोक काय समजतात, हे कळायला मला तीन महिने लागले. (विमलला पहिल्याच दिवशी कळलं होतं. तिचंच खरं होतं हे मी मान्य केलं, असं तिला सांगू नका.)

पौष पौर्णिमेला बेबीताईंकडे सत्यनारायण होता. त्या घरी मी तीस वर्षं जातो. त्यांच्या दोन्ही मुलांच्या मुंजी मी लावल्या. पाचवा अध्याय संपला, आरतीसाठी शंख काढायला मी पिशवीत हात घातला आणि हाताला लागलं कंपनीचं रंगीत पुस्तक. ते नेमकं देवासमोर पडलं, टूथपेस्टचं पान उघडून. पाच बायका जागच्या उठल्या आणि प्रसाद न घेता घरी गेल्या! प्रसाद टाकून उठणाऱ्यांचं काय होतं, ते मी नुकतंच घसा फोडून सांगितलं होतं. बेबीताई मात्र स्पष्ट बोलल्या, "गुरुजी, पूजा सांगा, पण मले साबन नोका सांगू. माया दिरानं आधीच दोन खोके आनून टाकले हायेत."

त्यांची वास्तुशांत दुसऱ्याकडे गेली. मागच्या लग्नसराईत सामूहिक विवाह असूनही मी दहा लग्नं लावली होती, यंदा दोन. पाठीमागे मला साबणवाले गुरुजी म्हणतात. शेषरावजी, ज्या घरांतल्या पोरांची नावं मी काढून दिली, ती घरं आता दार अर्धंच उघडतात. मला लाज वाटते. आणि लाज वाटली की मला राग येतो, तो तुमचाच येतो. अहो, माझ्या गल्लीत सगळेच सभासद आहेत, सगळेच सवलतीसाठी. विकत घेणारा एक माणूस उरलेला नाही. मग लोक भितात कोणाला? मला!

मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद. तुम्हाला काहीच नाही.

मोरोपंत

ता. क. तुमच्या लेकीची, अदितीची, लग्नपत्रिका मिळाली. तुमच्या सौ. कौशल्यावहिनींनी विमलला सांगितलं, की लग्न लावायला परतवाड्याचे गुरुजी ठरवले आहेत, कारण व्याह्यांसमोर मी पिशवी उघडली तर? ज्यानं फॉर्म भरवला, त्याच्याच घरच्यांनी हे म्हणावं! बारशाला त्या पोरीच्या नावाचं अक्षर मी काढलं होतं. तिच्या मंगलाष्टका मला म्हणू द्या. दक्षिणा नको. विनंती आहे (हा शब्द मी तुम्हाला प्रथमच लिहीत आहे).

ता. क. दुसरा. परतवाड्याचे ते गुरुजी साखळीत माझ्याच खालचे, माझ्या नावावर जोडलेले सभासद आहेत. मी 'घ्या' म्हटलं नव्हतं, त्यांनी फॉर्म मागितला आणि मी दिला. पण ते सवलतीवर थांबले नाहीत. परवाच एका लग्नात त्यांनी सप्तपदीच्या आधी नवरदेवाच्या आईची फॉर्मवर सही घेतली. तुमच्या विहीणबाईंकडून घेतली, तर त्या माझ्याच खात्याखाली लागतील आणि कंपनी मला बक्षीस पाठवील. मला ते नको. मला अदितीचं लग्न लावायचं आहे.