पहिल्या हाकेला ओ

१६ नोव्हेंबर
पास्टरांनी ही डायरी देताना सांगितलं होतं, आजपासूनच लिही. मी रोज उद्यावर ढकलत आलो. आता गावात पोचलोय, बहाणा उरला नाही, म्हणून बसलो एकदाचा.

गाव खैरटोली, आंधळगावच्या पुढे. उतरलो तेव्हा शेतात धानाचे पुंजणे रचणं चालू होतं. काय वास येतो राव! एक ट्रॅक्टरवाला मोठ्यानं गाणी लावून होता. ती ऐकत मी भलत्याच बांधावर बसून राहिलो. मग आठवलं, आपण सेवेला आलोय.

खोली ताराचंद भाऊंच्या घरी, तलावाच्या पाळीला, म्हणजे मातीच्या बांधाला, लागून. रुखमिणी वहिनींनी गरम भात न् वांग्याची भाजी वाढली. भाऊ म्हणाले, नाव कैलाश अन् काम येशूचं, दोन्हीकडं सीट धरून ठेवली का बाबू? सगळे हसले. मीपण.

खरं म्हणजे धाकधूक आहे. प्रार्थनाघरातल्या बाकी पोरांना बोलावणं आलं. कुणाला स्वप्नात, कुणाला उपासात, चक्क नाव घेऊन. मला नाही. मोबाईलचं दुकान सोडलं, मंडपवाल्याचं काम सोडलं, ट्रकवरची क्लीनरकीही सोडली. आता हेच एक. पास्टर म्हणाले, नाताळपर्यंत तिथे राहा, घरोघरी जा, आजाऱ्यांसाठी प्रार्थना कर. देवानं हाक मारली तर सेवक, नाही तर घर. आणि हाक आली की दुसरीची वाट पाहायची नाही, लगेच ओ द्यायची.

१८ नोव्हेंबर
आज गंमत झाली. घरोघरी फिरताना दिवेलागणीला धनीराम नावाच्या एकाच्या अंगणात उभा राहून त्याला हाक मारली. आत टीव्ही चालू, माणसं दिसतायत, पण कोणी ओ देईना. परत मारली. तिसऱ्या हाकेला गडी हसतच बाहेर आला. म्हणाला, पाव्हना हायेस म्हणून सांगतो, दिवे लागल्यावर पहिल्या दोन हाकांले आमी ओ देत नाही. जिता माणूस तीनदा हाक मारते. मेलेलं एकदाच.

मी म्हटलं, आमचा देवपण एकदाच मारतो.

तो म्हणाला, मंग तुया देवाले सांग, खैरटोलीत आला तर तीनदा मारजो म्हना!

२० नोव्हेंबर
आली! हाक आली!

संध्याकाळी पाळीवर बसलो होतो. शिंगाड्याच्या वेलांवर बगळा चालत होता, तो बुडत कसा नाही हे बघत होतो. तेवढ्यात पाण्यावरून माझं नाव आलं. स्पष्ट. कैलाश. आवाज बाईसारखा होता, पण देवाचा आवाज कसा असतो हे मला कुठे माहीत? मी लगेच म्हटलं, हा, आलो. आणि रडलोच. पास्टरांना फोन केला, तेही रडले.

तोंडात गाळाची चव आली, आणि जिभेवर एक नाव. धनीराम. मला पाठवलं जातंय, दुसरं काय! गेलो, तीनदा हाक मारली. तो ओ देत बाहेर आला. उद्या प्रार्थनेला ये म्हटलं. येतो म्हणाला.

२१ नोव्हेंबर
धनीराम तलावात सापडला. कमरेएवढं पाणी, पाय गाळात रुतलेले. मेलेला, पण उभाच. तोंड गावाकडे. लोक म्हणाले, पेला असन. तो पीत नव्हता.

२३ नोव्हेंबर
काल संध्याकाळी गावातल्याच डोमाचं नाव आलं जिभेवर. वाटलं, दुःखात गाव आहे, म्हणून देव मला घरोघर धाडतोय. त्याच्या दारात तीनदा हाक मारली. त्यानं ओ दिली.

आज डोमा. तसाच. उभा.

वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. आतून कोणीतरी म्हणालं, बरं झालं. ते मी नव्हतो.

२४ नोव्हेंबर
शेजारच्या बायजाबाईला विचारलं. आधी तिनं तलावाकडचं दार लावलं. मग सांगत सुटली.

रत्नमाला. ताराचंद भाऊंची धाकटी भावजय. मागच्या हिवाळ्यात शिंगाडे काढायला तलावात उतरली न् गाळात रुतली. वेळ दिवेलागणीची. तिनं हाका मारल्या. आधी धनीरामला, मग डोमाला, मग ताराचंद भाऊंना, मग घरोघरच्या सगळ्यांना. पण एकेकाला एकदाच. एकानं ओ दिली नाही की दुसऱ्याचं नाव. सगळ्यांनी ऐकलं. सगळे दुसऱ्या हाकेची वाट पाहत बसले. बायजाबाई म्हणाली, एकालेच तीनदा बलावली असती तं धावला असता ना बाबू. माहंबी नाव घेतलं होतं तिनं. आजबी कानात हाय.

आता कळलं. मेलेलीच्या हाकेला इथे कोणी फसत नाही. तिला तीनदा हाक मारणारं जितं तोंड हवं होतं.

आणि मी पहिल्याच हाकेला ओ दिली.

२५ नोव्हेंबर
ताराचंद. जिभेवर आहे. दुपट्टा तोंडात कोंबून लिहितोय. भाऊ ओसरीवर बिडी ओढत बसलेत. त्या दिवशीही असेच बसले असतील, घरची सून ओरडत असताना. मारावी हाक. काहून नाही मारायची? बुडू दे. सगळे बुडू दे. — हे मी नाही. मी नाही.

लहान बहिणीला फोन केला, कारध्याला. टीनाला सगळं सांगितलं. येऊ नको म्हटलं. कोणीही नाव घेतलं तरी दोन हाकांना गप राहा. तिसरी आली तरच ओ दे, तो जिता माणूस.

२६ नोव्हेंबर
भाऊंना सांगून टाकलं. ते ओक्साबोक्शी रडले. वहिनींना न् बायजाबाईला घेऊन बपेऱ्याला गेले, मुलीकडे. बाकीच्यांनाही सांगितलं. दारं बंद. आता तिसऱ्या हाकेलाही कोणी ओ देत नाही.

हीच सेवा असेल माझी. असली हाक असेल तर नको मला हाक. घरी जाईन, पुन्हा ट्रकवर —

२७ नोव्हेंबर
बस नाही. पायी निघालो, पाळीवरच येऊन पोचलो. परत निघालो. परत पाळ.

ती विचारते. माझं काम अर्धं टाकलं? ओ दिली होतीस ना?

रागावलीय. फार —

२८ नोव्हेंबर
सकाळपासून आवाज नाही. घशातून नुसती हवा. टीनाचा फोन आला, उचलला, बोलता येईना. ती हॅलो, हॅलो करत राहिली. मग कट.

खोलीचं दार उघडत नाही. फटीतून पाणी येतंय. गाळाचं.

दिवे लागले. पाळीवर कोणीतरी — पाठीला बॅग —

टीना. टीना आली. सांगितलं होतं ना येऊ नको —

खिडकी बडवतोय. तिला ऐकू जात नाही.

तलावातून हाक आली. टीना.

माझा आवाज. माझाच.

ती थांबली. गप राहिली. शहाणी पोरगी.

परत. टीना. ओठ दाबून उभी. मी शिकवलं तसं, अगदी तसं —

तिसरी —

ती हसली. पाण्याकडे वळली, हात वर केला, तोंड उघड