बुडालेल्या टपाल कचेरीची पलटण

सोमवार, ४ मार्च. सकाळी ७.१०
आजपासून नवीन सैन्य घ्यायचं नाही. कपाटात पाच पलटणी पडून आहेत, सगळ्या मूळच्या राखाडी प्लॅस्टिकमध्ये. आधी त्या रंगवणार, मग पुढचं बघू. निश्चय पक्का.

सोमवार, ४ मार्च. संध्याकाळी ६.४५
नवीन सैन्य घेतलं.
पण हे वेगळं आहे. मी काम करतो त्या चष्म्याच्या दुकानात आमचे जनरल आले होते, काडी बसवून घ्यायला. एरवी दातांचे डॉक्टर. रविवारी वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये आम्ही आठ जण बोटभर उंचीच्या सैनिकांच्या लढाया लावतो, तिथे ते जनरल. त्यांनी काउंटरवर खोका ठेवला. खेळाचं नाव ‘बुडीत मुलूख’. शंभर वर्षं पुराखाली गेलेला प्रदेश, सगळं कुजलेलं, आणि मधोमध एक टपाल कचेरी. कर्मचारी केव्हाच मेलेत, पण टपाल वाटप चालू! बारा मेलेले पोस्टमन आणि अवाढव्य गोगलगायीवर बसलेले पोस्टमास्तर. इतकं भयानक आणि इतकं गोड काही मी जन्मात पाहिलं नव्हतं.
तेरा तर बाहुल्या. तेरा म्हणजे काहीच नाही.

मंगळवार, ५ मार्च
जनरलनी फोन करून अट घातली. रंग न दिलेलं सैन्य टेबलावर उतरवायचं नाही, हा क्लबचा नियम. मी तीन वर्षं नुसतीच खुर्ची अडवून इतरांना सल्ले देतोय आणि बाहेर वेटिंग लिस्ट वाढतेय, असं त्यांचं म्हणणं. ३१ तारखेला रंगवलेली पलटण दिसली नाही तर खुर्ची दुसऱ्याला.
वाईट वाटलं. रविवारच्या त्या चार तासांसाठीच तर मी आठवडाभर लोकांच्या नाकांवर चष्मे बसवतो. पण हिशेब सोपा आहे. सव्वीस दिवस, तेरा बाहुल्या. दोन दिवसांना एक. डाव्या हाताचा मळ.

शनिवार, ९ मार्च
अजून ब्रश हातात घेतलेला नाही. सध्या अभ्यास. कुजण्याचा नेमका रंग ठरत नव्हता म्हणून हिरव्याच्या चौदा बाटल्या आणल्या. बायकोने विचारलं, की कुजण्यात एवढे प्रकार असतात का. मी नीट समजावून सांगितलं. तिने फ्रिजचा खालचा कप्पा उघडला आणि म्हणाली, की यातलं बघून घे, हे कधीचं तुझीच वाट बघतंय.
कलाकाराच्या घरी असंच असतं.

बुधवार, १३ मार्च
सासूबाई आल्या, तीन आठवड्यांसाठी. माझी खोली त्यांना दिली. माझं टेबलही तिथेच राहिलं, त्यामुळे कामात व्यत्यय. (काम उद्यापासून सुरू करणारच होतो.)
त्या सर्व्हे ऑफिसातून रिटायर झालेल्या. तीस वर्षं नकाशांवर नद्या गिरवल्या. त्यांनी माझ्या भिंगाच्या दिव्याखाली एकेक पोस्टमन धरला आणि विचारलं, की हा कसा गेला. मी म्हटलं, आई, ते खेळात दिलेलं नाही. तर म्हणाल्या, की मग कुणाला कुठला रंग द्यायचा हे तुम्हाला कळणार कसं, जावईबापू?
नवख्या माणसाचे प्रश्न. मी हसून सोडून दिलं.

शनिवार, १६ मार्च. दुपारी २.१५
श्रीगणेशा झाला! पहिल्या पोस्टमनचा डावा डोळा पूर्ण.
डबा खाताना दुकानातच रंगवत होतो. एक रिटायर्ड हेडमास्तर नवा चष्मा लावून गेले आणि दहा मिनिटांत परत आले. सगळ्या जगावर शेवाळं दिसतंय म्हणाले. काचेवर माझा हिरवा अंगठा होता. मालक बरंच बोलले. मी मनावर घेतलं नाही.

बुधवार, २० मार्च
पहिला पोस्टमन तयार. जरा तिरळा झालाय, पण त्याने चेहऱ्याला खोली आली. उरले बारा, दिवस अकरा. दुकानातून रजा मिळाली आणि झोप कमी केली तर आरामात होईल.
शिवाय आज मोठा शोध लावला. बाहुल्यांच्या पायाखालच्या चकत्यांवर दलदल दाखवायची होती. बाजारात त्याची पावडर मिळते, पण मी चहाचा चोथा डिंकाने चिकटवला. हुबेहूब चिखल! तेराही चकत्या एका बैठकीत संपवल्या. धूळ बसू नये म्हणून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवल्या. हे जनरलना सुचलं नसतं.

रविवार, २४ मार्च
किंचित कणकण. क्लबला गेलो नाही, दुपारी पडून राहिलो. उठून पाहतो तर तीन पोस्टमन रंगवलेले. सासूबाई म्हणाल्या, की दुपारी हाताला काही काम नव्हतं. मी मोठ्या मनाने हरकत घेतली नाही. तो कच्चा हात समजायचा. शेवटचा हात मी फिरवीन.

गुरुवार, २८ मार्च
दहा झाले. सासूबाईंनी प्रत्येकाला चरित्र दिलंय. तिसरा म्हणे एका मुलीचं पत्र खिशात राहिलं असताना बुडाला, म्हणून त्याचा खिसा शाईने निळा झालाय. गोगलगायीच्या शंखावर नद्या काढल्यात, उपनद्यांसकट.
देखरेख माझी. शंख अजून हिरवा हवा, असं मी सुचवलं. त्या म्हणाल्या, की जावईबापू, चहा टाका. टाकला. टीमवर्क म्हणतात ते हेच.
बाहुल्या चकत्यांवर चिकटवून डब्यात बंद करायचं काम मात्र मी कुणाला देत नाही. चोथ्यावर पांढरी लव दिसतेय. डिंक वाळत असावा. वासही अगदी दलदलीचा!

रविवार, ३१ मार्च
जे झालं ते लिहून टाकतो.
सासूबाई सोबत आल्या, आपली माणसं नीट उतरतात का बघायला. सगळे टेबलाभोवती जमले. मी डबा उघडला. पोस्टमन गुडघ्यापर्यंत बुरशीत उभे होते. जनरल शिंकत सुटले, कुणीतरी खिडक्या उघडल्या. मग जनरलनी एक बाहुली रुमालाने पुसली, भिंगाखाली धरली आणि उलटसुलट फिरवून पाहिली. मला विचारलं, की डोळ्यांत हा ओलेपणा कसा आणला. मी सांगितलं, की वर्षानुवर्षांची तपश्चर्या, आधी फिका रंग आणि मग... भावना. मागून सासूबाई म्हणाल्या, की छे हो, वाळल्यावर नेलपॉलिशचा बिनरंगी थेंब सोडायचा, आणि हा ओला नाहीये, हा रडतोय.
जनरलनी खुर्ची ओढली. मी बसायला पुढे झालो. ती सासूबाईंसाठी होती. ज्याने रंगवलं त्याची खुर्ची, नियम म्हणजे नियम. वेटिंग लिस्टवर मी चौथा.
इथे कशाला खोटं लिहू? फार लागलं. परतताना सासूबाई म्हणाल्या, की डबा मात्र तुम्ही फार जपून धरलात हो.

रविवार, ७ एप्रिल
सासूबाईंनी मुक्काम महिनाभर वाढवला. चकत्यांवर आता साधी वाळू आहे. मी क्लबला गेलोच, डबा कुणीतरी उचलायला हवा. त्यांच्या हातून फासे सारखे टेबलाखाली जातात, म्हणून त्यांच्या वतीने फासे मी टाकतो. म्हणजे खुर्ची त्यांची असली तरी अख्ख्या पलटणीचं नशीब माझ्या मुठीत! ऊर भरून आला. लागोपाठ सहा वेळा एक पडला. पोस्टमास्तर गोगलगायीसकट गेले. सासूबाईंनी गोगलगाय पुसून डब्यात ठेवली. समजूतदार बाई.

रविवार, १४ एप्रिल. दुपारी ३.२०
आज घरीच. जरा विश्रांती घ्यायची ठरवली. सासूबाई रिक्षाने एकट्याच गेल्या, डबा मांडीवर घेऊन.
बायको आत भांडी लावतेय. आपला उंच स्टीलचा पेला कुठे गेला म्हणून दोनदा विचारून झालं.
सासूबाई घेऊन गेल्यात. फासे त्यात घालून हलवणार आहेत.