मागच्या चाकाची हवा

१९ डिसेंबर ९३, रवि.
थंडीनं जीप सुरू होईना. शांतानं आणि मेव्हण्यानं धक्का मारला तेव्हा कुठं गुरगुरली. शांता म्हणाली, "लिलावात गाडी घेतली का धक्का मारायचं काम घेतलं?" बायको झाली म्हणून काय झालं, बोलली ते खोटं नाही.
फाट्यावर लिंबाजीच्या पंक्चरच्या दुकानात हवा. पुढं चोवीस, मागं तीस. तो नळी लावतो, मीटर टेकवतो, काटा मला दाखवतो, मग मी निघतो. चौथीपासूनची दोस्ती. माझ्याकडं स्वतःचं मीटर नाही, कधी लागलंच नाही.
येलदरीहून मासळीच्या टोपल्या आल्या. संध्याकाळपर्यंत वास गेला नाही.

२७ डिसेंबर, सोम.
पारावर एकच विषय. विद्यापीठाचं नाव बदलणार म्हणे. मी गेलो की बोलणं कापसाच्या भावावर येतं. अठ्ठ्याहत्तर साली असंच व्हायचं. तेव्हा मी धरणाच्या खात्यात ड्रायव्हर होतो, कॉलनीत राहायचो, म्हणून वाचलो. काकाचं घर जळालं ते मी दुसऱ्या दिवशी पाहिलं.
आता मी कॉलनीत नाही. घर गावात.

१५ जानेवारी ९४, शनि.
काल रेडिओवर नामांतराची बातमी आली. रात्रभर वस्तीत कुणी झोपलं नाही. आज पेढे वाटले.
लिंबाजीलाही दिला. हातात घेतला, इकडंतिकडं पाहिलं, खिशात टाकला. "घरी गेल्यावर खातो."
खाल्ला असेल. नसेलही.

१९ जाने., बुध.
गावातली चार नेहमीची माणसं आज फाट्यावर उभी होती. मी जीप थांबवली. कुणी चढलं नाही. बस अर्ध्या तासानं आली, ती त्यात गेली.
लिंबाजीनंच सांगितलं, मारुतीच्या देवळात बैठक झाली. उत्तमच्या गाडीत बसायचं न्हाई, असं ठरलं. मी विचारलं, "तू व्हतास का?"
"व्हतो. बोललो न्हाई काई."
विरोधात बोलला नाही, का बाजूनं बोलला नाही? विचारलं नाही.
कॉलनीतले लोक आणि पुढच्या गावचे अजून बसतात. त्यावर भागवायचं.

२२ जाने., शनि.
लिं. आज घाईत होता. नळी लावली, मीटर टेकवलं, "तीस" म्हणाला आणि नळी गुंडाळायला लागला. काटा दाखवला नाही. दुकानापुढं पाटलाचा ट्रॅक्टर उभा होता, वर दोघंजण बसलेले. त्यांच्यासमोर माझ्याशी लांबण लावायची नसंल.
तरी हवा मारली. इतकं तरी केलं. दुसऱ्यानं नळी उचललीच नसती.

२५ जाने., मंगळ. जिंतूर, सरकारी दवाखाना
बाकावर बसून लिहितोय.
सकाळी लिं.कडं हवा मारून निघालो. शांता शेजारी, तिच्या बहिणीकडं बारसं होतं. पुढच्या गावात जीप भरली, टपावर पोती. तिथंच लिंबाजीची माय, गयाबाई, बसची वाट बघत बसलेली. लेकीकडं मुक्कामाला आलेली, डोळ्यात औषध घालून घ्यायला जिंतूरला निघालेली. मी म्हणालो, "मावशी, तुमच्या गावानं ठरवलंय, माज्या गाडीत बसायचं न्हाई."
म्हातारी म्हणाली, "गावाला माजे गुडघे हायेत का? सरक तिकडं, शांते."
उतारावर मागचं डावं टायर फुटलं. गाडी आवरेना. नाल्याच्या कठड्याला धडकून कलंडली.
शांताचा पाय नडगीत मोडला. गयाबाईची खुब्याची हाडं. बाकीच्यांना खरचटलं. मला काही नाही. मला काहीच नाही.

२७ जाने., गुरु.
जीप ओढून जिंतूरच्या टायरवाल्याकडं आणली. त्यानं उरलेल्या चाकांना मीटर लावलं. मागचं उजवं, अठरा. मी म्हणालो परत लाव. परत अठरा. पुढची दोन्हीही कमी.
"एवढ्या हवेवर एवढा माल? टायर तापून फुटणारच की. बघत न्हाई का तुमी?"
व्हॉल्व्हला थुंकी लावून बघितली. बुडबुडा नाही. गळत नाही.
परवा सकाळी तो तीस म्हणाला होता.

२९ जाने., शनि.
लिंबाजी दवाखान्यात आला. मायपाशी बसला, तिच्या तोंडात पाणी घातलं. डॉक्टर म्हणाले, या वयात आता उठणं अवघड. त्यानं मान हलवली.
मी दारात उभा. वाटलं, आता गचांडी धरंल. शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यानं शेजारच्या खाटेवर शांताच्या प्लास्टरकडं पाहिलं आणि विचारलं, "दुखायलंय का लय?"
मला एक शब्द नाही. स्वतःची माय मोडून पडली आणि माणूस ड्रायव्हरला एक शब्द बोलत नाही. कामून?

१ फेब्रु., मंगळ.
पोलीस जमादारानं फाट्यावर जबाब घेतले. गावची निम्मी माणसं जमली. मागून कुणीतरी म्हणालं, "टायरातली हवा कळत न्हाई आन् निघाले गाड्या चालवाया." हसले लोक.
जमादारानं लिं.ला विचारलं, हवा कुणी मारली? म्हणाला, "मी." किती? "बरोबर व्हती."
माझ्याकडं बघितलं नाही.
टायर जुनं होतं, असं लिहून घेतलं. मी अठराचं सांगितलं. जमादार म्हणाला, धक्क्यानं गेली असंल हवा. सगळ्या चाकांतली? त्यानं वही मिटली.

५ फेब्रु., शनि.
दुकानात कुणी नाही असं बघून गेलो. म्हणालो, "लिंबाजी, तुजं मीटर दाव."
"पडलं. फुटलं."
"कधी?"
"त्याच दिशी."
"तुकडे?"
"टाकले." पंक्चरच्या टबातल्या पाण्यात हात घालून उभा होता. ट्यूब नव्हती त्यात. नुसता हात.
परत आलो. दिवसभर डोक्यात हेच. मीटर खराब असंल तर सगळ्यांनाच कमी हवा गेली असणार. पण मग दुसऱ्या कुणाचं काही झालं नाही ते कसं? ट्रॅक्टर तरी कुठं भरधाव जातोय म्हणा. एकदा वाटतं, बिचारा. एकदा वाटतं, बैठकीत त्याला सांगितलं असंल, नळी लावायला नाही म्हणू नको, बखेडा होईल, फक्त हवा कमी मार. गाडी अडून पडंल, एवढंच. माय बसंल हे त्याला काय माहीत.
शांताला बोललो. ती म्हणाली, "तसं असंल तर तो जगतोय कसा?"
जगतात. अठ्ठ्याहत्तरला घरं जाळणारे सगळे जगले.

१० फेब्रु., गुरु.
जीप दुरुस्त होऊन आली. परभणीला जाऊन मीटर आणलं. पेनासारखं, खिशात बसतं. दांडीवर आकडे. सगळी चाकं स्वतः बघितली. इतकी वर्षं दुसऱ्याच्या सांगण्यावर चाललो, याचा राग येतो, आणि त्याहून जास्त राग याचा की ते दिवस बरे होते.
हवा येलदरीच्या एका दुकानातून मारतो. वाट वाकडी पडते.

२० फेब्रु., रवि.
लिंबाजी घरी आला. वस्तीत, भरदुपारी, सगळ्यांच्या देखत. ओट्यावर बसेल वाटलं, तर आत आला आणि सतरंजीवर बसला. म्हणाला, "शांते, च्या टाक."
शांता कुबडी घेऊन चुलीपाशी गेली. मी टाकतो म्हणालो तर ऐकेना.
चौथीपासूनची दोस्ती, पण आमच्या घरचं पाणी त्यानं कधी घेतलं नव्हतं. मी पण कधी दिलं नव्हतं, उगीच त्याला नाही म्हणायला लागू नये म्हणून. आज बशीत ओतून सगळा चहा प्याला. कप खाली ठेवला.
मग म्हणाला, "माय अंथरुणातच करायलीय सगळं. तुज्या नावानं विचारती, उत्तम का येत न्हाई."
मी म्हणालो, येतो.
उठताना माझ्या खिशाकडं बघितलं. "मीटर आणलंस म्हणं."
"हो."
"बरं केलंस."
गेला. शांतानं कपबशी उचलली. असा चहा कोण पितं? ज्याचं काही चुकलं नाही तो, का ज्याचं सगळं चुकलं तो? चुकलेला माणूस ठरावाविरुद्ध भरदुपारी वस्तीत येईल का? का चुकलेलाच येईल?

२ मार्च, बुध.
गयाबाईला बघून आलो. तिनं माझा हात धरून ठेवला. लिं.ची बायको दारातच उभी होती. आत ये म्हणाली नाही, जा म्हणाली नाही.

७ मार्च, सोम.
सकाळी मागचं चाक बसलेलं. येलदरीपर्यंत जाणं शक्य नव्हतं. फाट्यावर थांबलो. लिंबाजी उठला, काही न विचारता नळी लावली. दुकानापुढं माणसं होती, चहाच्या गाड्यावर पण होती. सगळी बघत होती.
त्यानं नळी काढली, नवं मीटर टेकवलं. "तीस," म्हणाला.
मी खिशातलं मीटर काढलं आणि त्याच्यादेखत व्हॉल्व्हवर टेकवलं. तो रस्त्याकडं तोंड करून उभा राहिला. कान लाल झालेले.
तीसच होते. अगदी बरोबर.
माझ्या मीटरवर किती आले, हे त्यानं विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. गाडीत बसलो आणि निघालो.