मुदत संपलेल्या औषधाची विधिवत विल्हेवाट

३ मार्च, सोमवार
आज मोठी गोष्ट घडली. मोठे डॉक्टर जिन्यात भेटले. त्या मुदत संपलेल्या मॉर्फिनचं काय ते एकदा तुम्हीच बघा बुवा, असं म्हणाले आणि दोन-दोन पायऱ्या चढत वर गेले. म्हणजे आजपासून मी या हॉस्पिटलचा नुसता फार्मासिस्ट नाही, विल्हेवाट अधिकारी. लेखी काही दिलेलं नाही, पण विश्वास कोण लेखी देतं?

घरी बायकोला सांगितलं. तिने विचारलं, म्हणजे फेकून द्यायचं काम का? शांतपणे समजावलं. मॉर्फिन म्हणजे तुटका खराटा नव्हे. नशेसाठी चोरीला जातं, म्हणून दोन कुलपांच्या कपाटात राहतं. एक किल्ली माझ्याकडे, दुसरी मेट्रनबाईंकडे. मुदत संपली तरी रीतसर परवानगी लागते. दोन साक्षीदारांसमोर एकेक अँप्युल, म्हणजे इंजेक्शनची काचेची कुपी, फोडायची, औषध भुशात कालवायचं आणि सह्या घ्यायच्या. एवढं सांगेपर्यंत ती ताटं उचलून आत गेली होती.

तिचं लक्ष नाही, हेही खरं. तिचे वडील दुसऱ्या मजल्यावर ॲडमिट आहेत. हाडांचा कॅन्सर. मॉर्फिनशिवाय दुसरं काही लागू पडत नाही. मी तिला शब्द दिला आहे, माझ्या खिशात किल्ली आहे तोवर बाबांना कळ सोसावी लागणार नाही.

सासरे घड्याळजी होते. लग्न झाल्यापासून मला 'पुडीवाले' म्हणतात. प्रेमानेच म्हणत असावेत.

५ मार्च
कार्यपद्धती लिहायला घेतली. अकरा पानं झाली. कुणी काही विचारायलाच नको.

६ मार्च
अकरा पानं सगळ्यांना वाटली. आसपासच्या हॉस्पिटलांनाही पाठवली. ज्ञान दडवून ठेवू नये.

मेट्रनबाईंनी पानं न उघडताच विचारलं, फोडायच्या आधी प्रत्येक खोक्यावरची तारीख मोठ्याने वाचणार ना? मी म्हणालो, मॅडम, हे गृहीतच आहे. इतकं गृहीत, की लिहिलंही नाही.

९ मार्च, रविवार
सुट्टी असूनही गेलो. कपाटात मॉर्फिनचे दोन खोके आहेत. एकाची मुदत संपलेली, दुसरा चालू, वॉर्डासाठी. नवा पुरवठा महिनाअखेरीला येईल. दोन्ही खोके एकाच कंपनीचे, जुळे भाऊ शोभावेत असे. म्हणून जुन्यावर भलामोठा लाल स्टिकर लावला. आता आंधळ्यालाही चूक करता येणार नाही.

दुपारी रंगीत तालीम केली. डिस्टिल्ड वॉटरच्या अँप्युल घेतल्या. पहिल्याच अँप्युलला अंगठा कापला. काचेचा दर्जा घसरला आहे. कंपनीला पत्र लिहायचं आहे.

१० मार्च
कार्यक्रम रद्द. मोठ्या डॉक्टरांना मीटिंग.

११ मार्च
कार्यक्रम रद्द. मेट्रनबाई नर्सिंगच्या मुलींची परीक्षा घ्यायला गेलेल्या. दोन साक्षीदार एका जागी आणण्यापेक्षा दोन नद्या एका जागी आणणं सोपं.

संध्याकाळी वॉर्डातल्या डोससाठी कपाट उघडलं, तर लाल स्टिकर गळून खाली पडलेला. डिंकाचा दर्जाही घसरला आहे. मेट्रनबाई दुसरी किल्ली हातात धरून घाई करत होत्या, म्हणून पटकन उचलून परत चिकटवला. वर सेलोटेपही मारली. आता सुटला तर नाव बदलेन.

१३ मार्च
सासऱ्यांना सकाळी कळ आली होती. इंजेक्शननंतर पंधरा-वीस मिनिटांत चेहरा सैल झाला. बायको पायाशी बसली होती. मी त्यांना उद्याच्या कार्यक्रमाची माहिती दिली. ऐकता ऐकता झोपले. बोलण्यातही औषधाचा गुण असतो.

१४ मार्च, शुक्रवार
झालं! आणि काय देखणं झालं!

फार्मसीतलं टेबल पुसून पांढरी चादर घातली. भुशाची बादली मधोमध. फोटोसाठी रेकॉर्ड क्लार्कला बोलावलं. मोठे डॉक्टर आले, पण फोन कानाला. मी दोन शब्द बोललो. नियंत्रित औषध आणि समाज, असा विषय घेतला होता. दुसऱ्याच शब्दाला डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं.

मेट्रनबाई म्हणाल्या, तारीख वाचा ना. मी म्हणालो, मॅडम, डॉक्टरांना ऑपरेशन आहे. मी दहादा वाचली आहे आणि लाल स्टिकर सगळ्यांना दिसतोच आहे. डॉक्टर फोनवरच मान हलवत होते. बहुधा मलाच.

टक, टक, टक. अख्खा खोका फुटला. एक थेंब इकडचा तिकडे नाही. भुसा कालवला. तिघांच्या सह्या झाल्या. नंतर चहा. डॉक्टर जाताना 'व्हेरी गुड' म्हणाले. घरी बायकोला फोटो दाखवले. फोटोत मी जरा उंच दिसतो.

१५ मार्च, सकाळ
वॉर्डातली सिस्टर डोस न्यायला आली. सासऱ्यांचाच. मी आणि मेट्रनबाईंनी दोन किल्ल्या लावून कपाट उघडलं. उरलेला खोका काढला. मेट्रनबाईंनी तारीख वाचली. मोठ्याने.

मुदत संपलेली.

मी खोका हातात घेऊन उलटसुलट करून पाहिला. तारीख बदलली नाही.

पंधरा मिनिटांनी
काल फोडला तो चालू खोका होता. स्टिकर परत चिकटवताना... म्हणजे अकरा तारखेपासून वॉर्डात जात होतं ते मुदत संपलेलं.

विल्हेवाट मात्र नियमाप्रमाणेच झाली. त्यात कुणी खोट काढू शकणार नाही.

नंतर
मेट्रनबाई रागावल्या नाहीत. सही माझीही आहे, एवढंच म्हणाल्या आणि खुर्चीवर बसल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

जवळच्या हॉस्पिटलला फोन केला. तिथल्या फार्मासिस्टला मॉर्फिन उसनं मागितलं. तो म्हणाला, तुमचीच कार्यपद्धती समोर आहे. पान सात, परवानगीपत्र आणि दोन साक्षीदारांशिवाय एक अँप्युलही हलवता येत नाही. फार छान लिहिलंय म्हणाला. अकरा पानं वाचणारा हा पहिलाच माणूस.

दुपार
पत्र टाइप झालं. सही करणारे मोठे डॉक्टर ऑपरेशनमध्ये. थिएटरच्या दाराशी उभा आहे.

सासऱ्यांना दुसऱ्या औषधाचं इंजेक्शन दिलं. उपयोग नाही. त्यांचा आवाज जिन्यापर्यंत येतो. इतक्या वर्षांत या माणसाचा आवाज मी कधी चढलेला ऐकला नव्हता.

बायको जिन्यात आली. मॉर्फिन का देत नाहीत, असं विचारलं. सांगितलं. पूर्ण सांगितलं. तिने विचारलं, जुन्या खोक्यातलं देता येईल का? मुदत संपून किती दिवस झाले? मी म्हणालो, नियमात बसत नाही. डॉक्टर सही करणार नाहीत आणि मेट्रनबाई किल्ली देणार नाहीत. तिने दोन्ही हात जोडले. मला. माझ्या बायकोने मला.

मी परत थिएटरच्या दाराशी जाऊन उभा राहिलो.

त्यानंतर
सही मिळाली. रिक्षाने गेलो. तिथला एक साक्षीदार जेवायला गेलेला. बाकावर बसून राहिलो. समोरच्या भिंतीवर माझ्या कार्यपद्धतीचं पहिलं पान लावलेलं. टाचणीने, चारी कोपऱ्यांत.

संध्याकाळ
आणलं. सिस्टरने दिलं. सासऱ्यांनी माझं मनगट धरून ठेवलं होतं ते हळूहळू सुटलं. बोटांचे वळ उठले आहेत. घरी एकटाच आलो. बायको तिथेच राहिली.

१६ मार्च, रविवार
सकाळी मोठ्या डॉक्टरांसाठी खुलासा लिहिला. 'प्रक्रिया सर्वार्थाने निर्दोष असून केवळ खोका वेगळा होता' इथपर्यंत आलो आणि पुढे लिहवेना. फाडला. दुसरा साधा लिहिला. चूक माझी, असं त्यात आहे. किल्ली पाकिटात घालून खुलाशासोबत दिली.

वॉर्डात गेलो. सासरे उशांना टेकून बसले होते, चेहरा शांत. मनात ठरवलं होतं, त्यांना सगळं सांगायचं. बायकोने सांगितलेलं नव्हतं, हे आत गेल्यागेल्या कळलं. कारण ते शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला सांगत होते, की काल अख्ख्या हॉस्पिटलात औषध नव्हतं. आमचे पुडीवाले गावभर धावले, कुठून कुठून मागून आणलं, म्हणून मी आज बसलोय. मुलीला स्थळ बघताना मी साशंक होतो म्हणाले, माझंच चुकलं.

मग माझ्याकडे वळले. तुम्ही होतात म्हणून निभावलं, असं म्हणाले आणि हात पुढे केला.

मी तोंड उघडलं. बायको खाटेच्या पलीकडे उभी राहून माझ्याकडे बघत होती.

मी त्यांचा हात हातात घेतला आणि म्हणालो, असू द्या बाबा, कामच आहे माझं ते.

बायको पाणी आणायला म्हणून जग घेऊन बाहेर गेली. जग काठोकाठ भरलेला होता.